वळणावर स्नोमोबाईल सरळच जाते: पाना उचलण्याआधी आणि उचलल्यानंतर काय तपासावे

हँडल पूर्ण वळवले तरी स्नोमोबाईल वळणाच्या बाहेरच्या कडेकडे सरकत राहते, ही कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या हिवाळ्यात माझ्याकडे सर्वाधिक वेळा येणारी तक्रार आहे. मशीन घेऊन येणाऱ्याने बहुतेक वेळा आधीच ठरवलेले असते की सस्पेन्शन बिघडले आहे किंवा स्की बदलाव्या लागणार आहेत. प्रत्यक्षात पुष्कळदा पान्याला हात न लावताच कारण सापडते, कारण स्नोमोबाईल वळते ती पुढच्या दोन स्कींवर त्या क्षणी जेवढे वजन टेकलेले असेल तेवढ्याच बळावर, आणि हे वजन चालकाचे बसणे, मागचे सामान, टाकीतले पेट्रोल, इंजिनाचा प्रकार आणि थ्रॉटलवरचा (हँडलवरच्या, वेग देण्याच्या कळीवरचा) अंगठा यांनुसार सतत पुढे-मागे सरकत असते. म्हणून खालची तपासणी फुकट होणाऱ्या गोष्टींपासून सुरू केली आहे. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्या आणि अलीकडे या छंदाकडे वळलेल्या आपल्या मंडळींनी ती याच क्रमाने करावी, मधली पायरी गाळू नये.

लक्षणे

पहिले आणि मुख्य लक्षण वर सांगितले तेच: स्की वळलेल्या दिसतात, पण मशीन सरळ ढकलले जाते. इथले चालक याला ‘पुश’ म्हणतात. वळणात शिरताना पुश होतो की वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिल्यावर होतो, हे नीट लक्षात ठेवावे, कारण दोन्हींची कारणे वेगळी असतात. शिरतानाच होत असेल तर वेग, कार्बाइडची (स्कीखालच्या कठीण तुकड्याची) धार किंवा स्कींवरचे मूळ वजन यांच्याकडे पाहावे; थ्रॉटल दिल्यावर होत असेल तर वजन मागे जाऊन स्की हलक्या पडत आहेत, असे समजावे.

दुसरे लक्षण जवळजवळ उलटे आहे. सरळ, कडक ट्रेलवर (स्नोमोबाईलसाठी आखलेल्या बर्फाच्या वाटेवर) मशीनचे नाक स्वतःहून डावी-उजवीकडे पळते, हँडल हातातून ओढले जाते आणि तासाभरात हातांचे दंड दुखू लागतात. याला ‘डार्टिंग’ म्हणतात. तिसरे लक्षण म्हणजे वळणात आतली स्की उचलली जाणे. चौथे विशेषतः फोर-स्ट्रोक मशीनवर दिसते: वळणात अचानक थ्रॉटल सोडला की मागचा भाग बाहेर फेकला जातो. एकाच मशीनवर यांतली दोन लक्षणेही असू शकतात, आणि एका लक्षणावर केलेला उपाय दुसरे वाढवतो. स्कींवर वजन वाढवले की पुश कमी होतो, पण हँडल जड होते आणि डार्टिंग वाढू शकते. त्यामुळे आपली नेमकी तक्रार कागदावर लिहून मगच पुढे जावे.

आधी बर्फ पाहावा

ताज्या, भुसभुशीत बर्फात किंवा ट्रेलवर पाणी गोठून काच झालेली असेल तेव्हा उत्तम मशीनसुद्धा पुश होते. मार्चमध्ये तर सकाळी दगडासारखा कडक असलेला ट्रेल दुपारी मऊ पडतो, आणि एकाच दिवशी एकच मशीन दोन वेगळ्या मशीनांसारखे वागते. दोष मशीनचा आहे असे म्हणण्याआधी रात्री ग्रूमर (बर्फ सपाट करून दाबणारे यंत्र) फिरून बसलेल्या, व्यवस्थित दाबलेल्या ट्रेलवर त्याच वळणातून त्याच वेगाने दोनदा जाऊन पाहावे. ऑन्टारिओत ट्रेलवर ताशी 50 किलोमीटरची मर्यादा आहे. चाचणी तिच्या बरीच खाली राहूनही स्पष्ट कळते. सोबत्याचे मशीन तिथून सहज जात असेल, तरच पुढची पायरी.

चालक कुठे बसतो

कपडे, बूट आणि हेल्मेटसह 90 किलोचा चालक आणि सुमारे 220 किलोचे मशीन असे धरले, तर एकूण वजनाचा जवळजवळ 30 टक्के भाग स्वतःहून जागा बदलू शकतो. सस्पेन्शनच्या कुठल्याही स्क्रूला एवढा परिणाम साधत नाही. नवा चालक मात्र सीटच्या मागच्या अर्ध्या भागात, पाठ ताठ ठेवून, हात लांब करून बसतो. असे बसले की वजन ट्रॅकच्या (मशीनखाली फिरणाऱ्या रुंद पट्ट्याच्या) मागच्या टोकावर जाते, स्की हलक्या होतात आणि मशीन सरळ जाते. भीती वाटली की माणूस आणखी मागे सरकतो, त्यामुळे नेमक्या अवघड वळणावर स्की आणखी हलक्या होतात.

2003 सालच्या मॉडेलांपासून स्की-डूने रेव्ह नावाच्या रचनेत चालकाला पुढे, मशीनच्या गुरुत्वमध्याजवळ आणले, आणि पुढे इतर उत्पादकांनीही तीच दिशा घेतली. त्याआधीच्या मशीनांवर पाय पुढे पसरून, काहीसे मागे रेलून बसावे लागे. अशी जुनी मशीने इथे अजून भरपूर चालतात, आणि ती चालवणाऱ्याला पुढे सरकण्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

चाचणी अशी करावी. वळणाच्या आधीच ब्रेक लावून वेग कमी करावा. पेट्रोलच्या टाकीला मांड्या लागतील इतके पुढे सरकावे, आतल्या बाजूच्या पायावर भार घ्यावा, कोपर वाकवून छाती हँडलच्या आतल्या टोकाकडे न्यावी आणि नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवावी. आतल्या बाजूला झुकल्याने आतली स्की उचलली जात नाही, आणि पुढे झुकल्याने दोन्ही स्की बर्फात रुततात. एवढ्यानेच मशीन वळू लागले, तर मशीनमध्ये दोष नाही आणि ही तपासणी इथेच संपते.

डोंगरातल्या खोल, सैल बर्फाला मात्र हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे स्कींना चावायला कडक पृष्ठभागच नसतो. उभे राहून, आतल्या बाजूच्या फूटबोर्डवर वजन टाकून, हँडल क्षणभर उलट दिशेला वळवून मशीन कुशीवर आणावे लागते आणि मग ते ट्रॅकच्या कडेवर वळते. डोंगरी मशीनच्या स्की एकमेकींच्या जवळ असतात आणि बऱ्याच मशीनांना पुढचा स्वे बार (मशीन एका बाजूला कलू न देणारा दांडा) नसतो, तो यासाठीच. असे मशीन ट्रेलवर आणून ‘वळत नाही, आतली स्की उचलते’ अशी तक्रार करणे योग्य नाही. ते त्या कामासाठी बनलेलेच नाही.

सामान, पेट्रोल आणि मागचा प्रवासी

मागच्या रॅकवर पेट्रोलचा 15 लिटरचा कॅन, त्यावर हत्यारांची पिशवी आणि वर जेवणाचा डबा बांधलेली मशीने मी नेहमी पाहतो. कॅनमधले पेट्रोलच सुमारे 11 किलो भरते आणि ते ट्रॅकच्या शेवटच्या टोकाच्याही मागे लटकलेले असते. तरफेच्या नियमाने मागे टांगलेला प्रत्येक किलो पुढच्या स्कींवरचे वजन उचलतो. तो कॅन उतरवून तेच वळण पुन्हा घेऊन पाहावे. पुष्कळ वेळा फरक पहिल्याच वळणात जाणवतो. जड वस्तू शक्य तितक्या पुढे आणि खाली ठेवाव्यात.

मशीनची टाकी साधारणपणे चालकाच्या पुढे असते. 40 लिटरची टाकी भरलेली असताना तिच्यात सुमारे 30 किलो पेट्रोल असते, आणि टाकी रिकामी होत जाते तसा पुढचा भाग हलका होतो. सकाळी नीट वळणारे मशीन दुपारनंतर पुश होऊ लागले, तर बर्फाच्या बरोबरीने हेही कारण मनात आणावे. तुलना करायची असेल तर दोन्ही वेळा टाकीत सारखेच पेट्रोल असले पाहिजे.

मागे प्रवासी बसला की परिणाम सर्वांत मोठा होतो. गुलमर्गला गेलेल्या आपल्याकडच्या पर्यटकांनी चालकामागे बसून स्नोमोबाईलची फेरी घेतलेली असते. तिथला चालक वळणाआधी वेग किती कमी करतो, हे आठवून पाहावे. दोघांसाठी बनलेल्या मशीनवर मागच्या स्प्रिंगचा ताण प्रवाशानुसार वाढवण्याची सोय असते, आणि ती वापरणे आवश्यक आहे. एकाच माणसासाठी बनलेल्या मशीनवर दुसऱ्याला मुळीच बसवू नये.

थ्रॉटल आणि इंजिनाचा प्रकार

सर्वांत आधी इंजिन बंद असताना थ्रॉटलची कळ दाबून सोडावी. ती झटकन, पूर्णपणे मागे आली पाहिजे. अडखळत असेल, तर मशीन सुरूच करू नये. केबलमध्ये बर्फ असो वा झीज, ते दुरुस्त होईपर्यंत बाकी सर्व तपासण्या गौण आहेत.

थ्रॉटल दिला की वजन मागे जाते आणि सोडला की पुढे येते, हे सर्वच मशीनांना लागू आहे. फरक पडतो तो किती आणि किती झटक्याने, यात. टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखी व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्टची यंत्रणा नसते, म्हणून ते हलके असते. त्याच वर्गातले फोर-स्ट्रोक मशीन मॉडेलनुसार 20 किलो किंवा त्याहूनही अधिक जड भरते, आणि हे वाढीव वजन मुख्यतः नाकावर असते. यामाहाने 2003 च्या मॉडेलवर्षात आरएक्स-1 आणल्यापासून वेगवान फोर-स्ट्रोक मशीने ट्रेलवर रुळली. ती शांत चालतात आणि पेट्रोल कमी पितात, पण टू-स्ट्रोकवर तयार झालेली सवय त्यांच्यावर उपयोगी पडत नाही.

टू-स्ट्रोकवर थ्रॉटल सोडला की इंजिन फारसे अडवत नाही. वेग कमी झाला की क्लच पट्टा सोडून देतो आणि मशीन घरंगळत राहते, म्हणून वळणाआधी ब्रेकवर भर द्यावा लागतो. ज्याला आधीच्या फोर-स्ट्रोकची सवय आहे, तो इथे ब्रेक न लावता वळणात शिरतो. वेग अपेक्षेपेक्षा जास्त राहतो आणि मशीन बाहेर जाते. दोष स्कींचा वाटतो, पण असतो तो वेगाचा.

फोर-स्ट्रोकवर थ्रॉटल सोडताच इंजिन ट्रॅकला ठळकपणे अडवते. वजन एकदम पुढे येते, स्की बर्फात रुततात आणि मागचा भाग हलका होऊन फिरू लागतो. चालक घाबरून पुन्हा थ्रॉटल देतो, तेव्हा स्की उचलल्या जातात आणि मशीन पुश होते. एकाच वळणात दोन्ही लक्षणे दिसतात ती अशी. टर्बो असलेल्या इंजिनावर ताकद किंचित उशिरा आणि एकदम येत असल्याने हा झटका आणखी वाढतो. उपाय अंगठ्यात आहे: वळणात शिरण्यापूर्वी वेग उतरवावा, वळणभर थ्रॉटल अगदी थोडा पण सारखा ठेवावा आणि मशीन सरळ झाल्यावरच वाढवावा. जड नाकाच्या मशीनला दिशा बदलायलाही अधिक वेळ लागतो, म्हणून एकामागोमाग येणाऱ्या उलटसुलट वळणांत शरीर थोडे आधीच हलवावे लागते.

कार्बाइड

इथपर्यंत काही सापडले नाही, तर मशीनच्या पुढच्या भागाला भक्कम आधार देऊन स्की उचलाव्यात आणि खालची बाजू पाहावी. स्कीच्या तळाला लोखंडी सळई असते आणि तिच्या मध्यभागी कार्बाइडचा कठीण तुकडा झाळून बसवलेला असतो. बर्फात रुतून स्कीला धरून ठेवणारी धार तीच. हातमोजा घालून तिच्यावरून बोट फिरवावे. चांगल्या कार्बाइडची कड मोज्याच्या कापडाला अडकते. झिजलेल्या कार्बाइडवरून बोट सरळ घसरते. कड गोल, चकचकीत झालेली दिसते, कधी मधला तुकडा तुटून पडलेला असतो, तर कधी सळईच एका बाजूने चपटी झालेली असते. सळईची जाडी निम्म्यावर आली असेल, तर ती बदलायलाच हवी.

बर्फावर कार्बाइड फार हळू झिजते. त्याची धार जाते ती रस्ता ओलांडताना लागणाऱ्या डांबरावर, खडीवर आणि हंगामाच्या सुरुवातीला उघड्या पडलेल्या दगडांवर. त्यामुळे किती किलोमीटर झाले यावरून अंदाज बांधू नये, डोळ्यांनी पाहावे. दोन्ही स्कींचे कार्बाइड एकदमच बदलावे, नाहीतर मशीन एका बाजूला अधिक वळते.

ट्रॅकवर स्टड (बर्फात रुतणारे धातूचे खिळे) बसवले असतील, तर आणखी एक गोष्ट पाहावी. स्टडमुळे मागची पकड वाढते, आणि पुढचे कार्बाइड जुन्याच मापाचे राहिले तर ट्रॅक स्कींना ढकलत नेतो. स्टड बसवल्यानंतरच पुश सुरू झाला असेल, तर अधिक लांबीचे कार्बाइड घ्यावे. डार्टिंगची तक्रार असेल, तर स्कीखाली दोन समांतर सळया असलेले कार्बाइड उपयोगी पडते, कारण ते आधीच्या मशीनांनी पाडलेल्या एकेरी चरांत अडकत नाही.

ढिलेपणा आणि स्कींची दिशा

स्की उचललेल्या असतानाच प्रत्येक स्की पुढून धरून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवावी. हँडल न हलता स्की हलत असेल, तर कुठेतरी सांधा किंवा बुश सैल आहे. दुसऱ्या माणसाला हँडल धरायला सांगून नेमके कुठे हलते ते पाहावे. सैल बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या ताणाने आवळता येतो. झिजलेला सांधा मात्र बदलावाच लागतो.

त्यानंतर मशीन पुन्हा टेकवून स्कींची दिशा मोजावी. हँडल सरळ ठेवून दोन्ही स्कींच्या टोकांना एक लवचीक दोरी बांधावी, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा निघून जातो. स्कीच्या मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंतचे अंतर कार्बाइडच्या पुढच्या आणि मागच्या टोकाशी मोजावे. बहुतेक ट्रेल मशीनांवर पुढचे अंतर मागच्यापेक्षा साधारण 3 ते 6 मिलिमीटर जास्त असावे लागते. नेमका आकडा मशीनच्या पुस्तिकेतून घ्यावा. पुढचे अंतर कमी भरत असेल, तर डार्टिंगचे कारण जवळजवळ निश्चित सापडले.

ट्रॅकचा ताणही याच वेळी पुस्तिकेप्रमाणे पाहावा.

सस्पेन्शनची जुळवणी

आता पाना घ्यावा, पण एका वेळी एकच बदल करावा आणि मूळ जागा खडूने खूण करून ठेवावी.

पहिले माप मागच्या स्प्रिंगचे. मागचा बंपर धरून सस्पेन्शन पूर्ण उघडेपर्यंत मशीन उचलावे आणि बंपरची जमिनीपासूनची उंची मोजावी. मग चालकाने सर्व कपड्यांनिशी आपल्या नेहमीच्या जागी बसावे आणि पुन्हा मोजावे. काही ट्रेल मशीनांच्या पुस्तिकेत हा फरक 50 ते 75 मिलिमीटर असावा असे सांगितलेले असते, तर काहींत अधिक. फरक फार मोठा असेल तर मागचा भाग खाली बसतो, नाक वर येते आणि स्की हलक्या होतात. वापरलेले मशीन विकत घेणाऱ्यांकडे हे हमखास दिसते, कारण आधीचा मालक 65 किलोचा असतो आणि नवा 100 किलोचा. मागच्या स्प्रिंगचा ताण एकेक खाच वाढवून पुन्हा मोजावे.

तेवढ्याने भागले नाही, तर लिमिटर स्ट्रॅपकडे यावे. ट्रॅकच्या आतल्या रेलचा पुढचा भाग किती खाली जाऊ शकतो, हे हा पट्टा ठरवतो. तो आखूड केला की थ्रॉटल देताना ट्रॅकचे पुढचे टोक कमी खाली दाबले जाते आणि वजन स्कींवर टिकते. वळणातून बाहेर पडताना होणाऱ्या पुशवर याच्यासारखा परिणामकारक उपाय नाही. पण एकच भोक किंवा नटाचे एक-दोन फेरेच फिरवावेत, पट्टे दोन असतील तर दोन्ही सारखे ठेवावेत, आणि चालवून पाहावे. जास्त आखूड केल्यास हँडल जड होते, ट्रॅकची पकड घटते, ब्रेक लावताना मागचा भाग हलका पडतो आणि डार्टिंग सुरू होते. ट्रॅकच्या आतल्या पुढच्या शॉकची (धक्के शोषणाऱ्या नळीची) स्प्रिंग सैल केल्यानेही स्कींवर वजन येते, पण मोठ्या उंचवट्यावर तो शॉक तळाला आपटू शकतो, म्हणून मी तो उपाय नंतर करतो.

स्कींच्या स्प्रिंग आवळण्याकडे लोक सर्वांत आधी धाव घेतात, कारण त्या समोर दिसतात. मी ते शेवटी ठेवतो. त्याने स्कीवरचा दाब थोडा वाढतो, पण पुढचा भाग कडक आणि उंच होतो, आणि खडबडीत ट्रेलवर स्की बर्फावरून उसळू लागते. आवळल्याच तर दोन्ही बाजूंचे फेरे मोजून सारखे ठेवावेत.

कुठे थांबावे

काही गोष्टी दिसताच घरचे काम थांबवावे आणि मशीन ट्रेलरवर चढवून कुशल मेकॅनिककडे न्यावे. ए-आर्म (स्कीला सांगाड्याशी जोडणारा आडवा भाग) किंवा स्कीचा उभा दांडा वाकलेला असणे, पुढच्या सांगाड्याला चीर असणे किंवा तिथल्या रिबेटी हललेल्या दिसणे, हँडलच्या दांड्यात खेळ असणे किंवा हँडल एखाद्या ठिकाणी अडकणे, यांपैकी एकही गोष्ट आढळली तर मशीन चालवत नेऊ नये. मशीन झाडावर किंवा दगडावर आदळले असेल, तर बाहेरून काही दिसत नसले तरी पुढचा सांगाडा मापून घ्यावा. दिशा जुळवूनही मशीन एका बाजूला ओढत राहिले, तर सांगाडा वाकलेला असण्याची शक्यता मोठी असते.

शॉकमधून तेल गळत असेल किंवा दाबल्यावर तो विरोधच करत नसेल, तर तो स्वतः उघडू नये. बऱ्याच शॉकमध्ये नायट्रोजन मोठ्या दाबाने भरलेला असतो आणि तो सोडायला व पुन्हा भरायला वेगळी साधने लागतात. थ्रॉटल दिल्यावर मशीन झटक्याने उचल घेत असेल, म्हणजे क्लच मऊपणे पकडत नसेल, तर वळणातला पुश त्या झटक्यामुळेही होतो. क्लच उघडायला तो ओढून काढणारे खास हत्यार लागते आणि आतली स्प्रिंग दाबाखाली असते, म्हणून तेही काम कार्यशाळेतच द्यावे. मागचा भाग उचलून इंजिनाच्या जोरावर ट्रॅक फिरवण्याची गरज पडली, तर मागे कोणीही उभे राहू नये. सुटलेला स्टड गंभीर इजा करतो.

मेकॅनिककडे जाताना आपल्या नोंदींचा कागद सोबत न्यावा: पुश वळणात शिरताना होतो की बाहेर पडताना, चालकाचे कपड्यांसह वजन, मागे सामान किती असते, मागच्या स्प्रिंगची खाच, लिमिटर स्ट्रॅपचे भोक आणि कार्बाइड कधी बदलले. एवढी माहिती हातात असली की तो थेट सांगाडा, शॉक किंवा क्लच यांच्याकडे वळू शकतो आणि वर केलेल्या सगळ्या तपासण्यांची मजुरी आपल्याला दुसऱ्यांदा भरावी लागत नाही.